बाबांच्या सफारी रॅलीच्या निगेटिव्ह

सत्तरच्या दशकात बाबा केनियात, नैरोबीला नोकरीला होते. ईस्टरची सुट्टी लागली की कॅमेरा गळ्यात अडकवून ते शहराबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे, कारण सफारी रॅली ही तिथली लांब पल्ल्याची मोटारींची शर्यत त्याच दिवसांत असायची. ते काही फोटोग्राफर नव्हते. साधा ३५ मिमीचा कॅमेरा, एकच लेन्स आणि निम्मे फोटो हललेले. त्या निगेटिव्हची सात पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होती. गेल्या वर्षी मी ती स्कॅन करून या गाड्यांवर जीव असणाऱ्यांपर्यंत पोहोचवायला घेतली.

पहिलं पाकीट मी बिघडवलं, हे आधी सांगतो. झाकणात दिवा असलेला स्कॅनर आणला आणि धूळ आपोआप काढणारी सोय चालू ठेवली. रंगीत फिल्मवर ती झकास चालली, पण कृष्णधवल रोलवर गाड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायला लागल्या. ही सोय इन्फ्रारेड प्रकाशावर चालते. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी तो प्रकाश अडवते, त्यामुळे यंत्राला चित्रच धूळ वाटतं. मग ती सोय बंद केली आणि रबरी फुंकणीने एकेक पट्टी हाताने साफ करत बसलो. २४०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला २४०० ठिपके धरून, ३६ मिमीच्या फ्रेमला आडवे साधारण ३४०० पिक्सेल मिळतात. या कॅमेऱ्याच्या फोटोंना तेवढे पुरले. त्याहून वर गेलं की फक्त फिल्मचे कण मोठे दिसत होते.

दोन पट्ट्या उलट्या लावल्या गेल्या. दारावरचा नंबर आरशात पाहिल्यासारखा दिसला तेव्हा कुठे ते लक्षात आलं.

खरा वेळ गेला तो ओळख पटवण्यात. एका पाकिटावर बाबांच्या अक्षरात '१९७६' लिहिलेलं होतं आणि आत सगळा चिखलच चिखल. एका फ्रेममध्ये रस्त्यावरच्या फलकाचा तुकडा आला होता, त्यावर '२५' एवढंच वाचता येत होतं. पहिली रॅली १९५३ सालची, इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने भरवलेली. तिथपासून मोजलं तर पंचविसावी १९७७ला येते. त्या वर्षी पावसाने रस्त्यांची दैना केली होती आणि फोर्ड एस्कॉर्ट आरएस १८०० घेऊन ब्योर्न वाल्डेगार्ड जिंकला होता. चिखलाचाही हिशोब लागला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "पाकिटं मी नंतर एकदम बसून लिहिली रे. साल माझ्या भरवशावर नको घेऊस." त्या दिवसापासून मी प्रत्येक फोटोखाली दोन ओळी वेगळ्या लिहितो: पाकिटावर काय आहे ते, आणि फोटोत काय दिसतं ते.

बाबांना गाड्यांपेक्षा माणसं जास्त आठवत होती. जोगिंदर सिंग तर त्यांच्यासाठी घरचाच माणूस. १९६५ला जुन्या व्होल्वोमध्ये जिंकलेला, मग १९७४ आणि १९७६ला मित्सुबिशी लान्सरमध्ये. शेखर मेहतांच्या १९७३च्या विजयाची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली: हॅरी केल्स्ट्रॉम आणि मेहता, दोघेही डॅटसनमध्ये, दोघांचे दंडाचे गुण सारखे, आणि सुरुवातीपासून जास्त लांबपर्यंत दंडाविना कोण गेलं यावर निकाल. पुढे १९७९ ते १९८२ सलग चार वेळा मेहताच जिंकले. मी फोन चालू ठेवून हे सगळं रेकॉर्ड केलं. ते फोटोंसोबत ठेवलंच पाहिजे असं मला वाटतं.

फोटो द्यायला सुरुवात केल्यावर मला माझी सगळ्यात मोठी चूक कळली. एका जुन्या प्युजो ५०४ची दुरुस्ती करून तिला रॅलीच्या रूपात परत आणणाऱ्या गृहस्थांना मी एक फोटो पाठवला होता. छान दिसावा म्हणून कडा कापून गाडी मधोमध आणली होती, ओरखडे पुसले होते, रंग उजळले होते. त्यांचं उत्तर आलं, "पूर्ण फ्रेम आहे का?" मला तो कचरा वाटला होता: कडेला उभा अर्धा पिकअप, ढीग केलेली टायरं, वाकून बसलेला मेकॅनिक. त्यांना नेमकं तेच हवं होतं. पुढच्या जाळीवरचे दिवे कोणत्या पट्टीवर बसवलेत हे त्या मेकॅनिकच्या हातामागे स्पष्ट दिसत होतं. कारखान्याच्या प्रसिद्धीच्या फोटोत गाडी धुतलेली असते. शर्यतीच्या मध्यावर रस्त्यात काय ठोकलं, काय बांधलं, ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या फोटोतच सापडतं. आणि ही शर्यत बंद रस्त्यांवर नव्हती. रोजच्या वाहतुकीतून, बस आणि गुरांच्या मधून या गाड्या पळायच्या, म्हणून फोटोत मागे काय आहे यालाही किंमत आहे.

मी पुन्हा पहिल्यापासून स्कॅन केलं. आता मूळ फाइल न कापता, न सुधारता टिफ या मोठ्या आकाराच्या फाइलप्रकारात ठेवतो आणि पाठवायला वेगळी हलकी प्रत काढतो. हक्क बाबांचे, म्हणून कोणाला काय द्यायचं हे त्यांना विचारूनच. गर्दीतल्या एका कुटुंबाचा अगदी जवळून काढलेला फोटो त्यांनी देऊ दिला नाही, आणि मला ते पटलं.

परवा प्युजोवाल्या गृहस्थांनी त्यांच्या गाडीचा फोटो पाठवला. दिवे खाली घेतलेत, पट्टी नवी, जुन्या भोकांवर पत्रा लावलेला. बाबांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला. मग डब्यातून सहावं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.