बांबूकडे सात दिवस बघत बसलेला माणूस
आधी मला वाटायचं कन्फ्यूशियस म्हणजे मोठ्यांचं ऐका, नीट वागा, झालं. मग त्याच्याच परंपरेतला चिनी विचारवंत वांग यांगमिंग (१४७२-१५२९) वाचनात आला. त्याच्या आधी झू शी नावाचा कन्फ्यूशियन पंडित सांगून गेलेला की एकेका वस्तूचा नीट शोध घ्या म्हणजे तिच्यातलं तत्त्व सापडेल, हा वांग पठ्ठ्या तरुणपणी खरंच मित्राला घेऊन बांबूसमोर बसला, मित्राने तिसऱ्या दिवशी हात टेकले, हा सातव्या दिवशी आजारी पडला. तत्त्व काही सापडलं नाही. पुढे म्हणाला, ते बाहेर नाहीच, आपल्याच मनात आहे, आणि कळलं पण केलं नाही म्हणजे मुळात कळलंच नाही. (हे वाचून मला जरा लागलंच.)

ही कन्फ्यूशियनांच्या घरातली भांडणं जुनीच. मेन्शियस म्हणतो माणूस मुळात चांगला, लहान पोर विहिरीत पडताना दिसलं की कोणाच्याही पोटात गोळा येतो. शुन्झी म्हणतो छे, माणूस वाकडं लाकूड, वाफ देऊन सरळ करावं लागतं. आणि गंमत म्हणजे त्याचाच चेला ली सी, त्याच्या सल्ल्याने इ.स.पू. २१३ मध्ये छिन सम्राटाने कन्फ्यूशियनांच्या पोथ्या जाळल्या!

ताओवाल्यांशी (निसर्गाच्या ओघाने जगा म्हणणारा दुसरा चिनी पंथ) फरक बघायचा तर कोणी गेल्यावर बघा. आईवडील गेले की तिसऱ्या वर्षापर्यंत सुतक पाळायचं हा कन्फ्यूशियन नियम, एक शिष्य म्हणाला एक वर्ष बास की, तर गुरुजी, म्हणजे खुद्द कन्फ्यूशियस, चिडले, पोर आईबापाच्या कडेवरून उतरायलाच तीन वर्षं लागतात म्हणे. आणि ताओवाला झुआंगझी? बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्या मित्राला हा पाय पसरून भांडं बडवत गाताना दिसला. ऋतू बदलतात तशी ती गेली, त्यात रडायचं काय.

कन्फ्यूशियनांचा बौद्धांवर राग वेगळाच होता, घर सोडतात, डोकं भादरतात, अरे केस आईबापांनी दिलेत ना! ८१९ साली हान यू या कन्फ्यूशियन पंडिताने बुद्धाच्या अस्थीचं स्वागत करणाऱ्या सम्राटाला खरमरीत पत्र लिहिलं, जीव जाता जाता वाचला, दूर दक्षिणेत हद्दपारी झाली. पण पुढे बौद्धांना नावं ठेवणारा तोच झू शी शिष्याला काय सांगतो, तर अर्धा दिवस वाच आणि अर्धा दिवस शांत बसून राहा, म्हणजे बौद्धांच्या ध्यानासारखंच की!