टांकी

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गच्चीवर पाण्याची ‘टांकी’ होती. आजी हा शब्द चांगला नाकातून म्हणायची. पुण्याची मामेबहीण सुट्टीत आली की हसायची. “टांकी काय गं? टाकी म्हण. पार गुजराती झालात तुम्ही!” मी ओशाळायचे. ती असेपर्यंत टाकी, ती गेली की पुन्हा टांकी.

परवा सहज ‘टँक’ या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधत बसले, तर तो थेट आमच्याच गच्चीवर येऊन पोचला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सुरतेला उतरले आणि इथल्या गुजराती-मराठी ‘टांकं’, ‘टांकी’वरून त्यांनी तो उचलला, असं मानतात. पोर्तुगीजांकडेही अडवलेल्या पाण्यासाठी मिळताजुळता शब्द होता, त्याचाही हात लागला असणार. (श्रेय एकट्या बडोद्याला द्यायला मला आवडलं असतं.) साहेबाने मग तलावालाही टँकच म्हटलं, आमचं सुरसागर त्याच्या लेखी ‘सुरसागर टँक’!

खरी गंमत पहिल्या महायुद्धातली. इंग्लंडमध्ये चिलखती गाड्या गुपचूप तयार होत होत्या. बातमी फुटू नये म्हणून या पाण्याच्या टाक्या आहेत असं सांगायचं ठरलं. आधी ‘वॉटर कॅरियर’ हे नाव सुचलं होतं म्हणे, पण त्याची आद्याक्षरं डब्ल्यूसी, म्हणजे चक्क संडास! १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा उतरल्या, पण नाव टँकच राहिलं. आपण रणगाडा म्हणून मोकळे झालो.

मला मात्र रणगाड्यापेक्षा टांकीतल्या त्या नाकातल्या ‘न्’ने धरून ठेवलं. १८५७च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्द आहे ‘टांकें’, दोन-दोन अनुस्वारांसह. पुढे पुण्या-मुंबईकडे त्यांचा उच्चार राहिला नाही, आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्यातूनही गेले. इंग्रजांनी मात्र आपला नाकातला सूर जपून ठेवला, आणि शेजारच्या गुजरातीच्या संगतीने आजीनेही.

मामेबहिणीला लगेच फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “थांब हं, मोटर बंद करून येते. टँक भरला वाटतं.”