न्यू ऑर्लिन्स, सोमवार आणि आईचा उपास

न्यू ऑर्लिन्सला जाणार म्हटलं की जो तो बर्बन स्ट्रीटचं नाव घेतो. मला तो रस्ता अजिबात आवडला नाही. भर दुपारी सांडलेल्या दारूचा आंबूस वास, दर दारातून अंगावर येणारा वेगळाच गोंगाट आणि उंच प्लास्टिकचे पेले हातात धरून झिंगणारी माणसं. आईने ओढणी नाकाला लावली ती कोपरा वळेपर्यंत काढली नाही. आणि एवढ्यासाठी लोक शेजारच्या गल्ल्या सोडतात! तिथे लोखंडी नक्षीचे सज्जे आहेत, सज्जांतून लोंबणाऱ्या नेच्याच्या कुंड्या आहेत, कुणीतरी दारात बसून ट्रम्पेटचा रियाज करत असतं.

पहिले दिवस सगळ्यांसारखेच गेले. जॅक्सन स्क्वेअर, कॅथीड्रल, मिसिसिपीचा काठ. सेंट चार्ल्सची ट्राम मात्र चुकवू नका. १८३५ पासून हा मार्ग चालू आहे, तिकीट सव्वा डॉलर, आणि खिडकीबाहेर ओकची प्रचंड झाडं. मार्डी ग्रा या इथल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत उधळलेल्या मण्यांच्या माळा अजून त्यांच्या फांद्यांवर अडकलेल्या आहेत.

मला लिहायचंय ते सोमवारबद्दल.

या शहरात सोमवारी राजमा-भात खातात. रेड बीन्स अँड राइस. पूर्वी सोमवार हा घरोघरी कपडे धुण्याचा दिवस. बाईचे दोन्ही हात दिवसभर साबणाच्या पाण्यात, चुलीपाशी उभं राहायला सवड नाही. मग रविवारच्या जेवणातलं उरलेलं हाड आणि भिजवलेला राजमा एका भांड्यात घालून मंद आचेवर ठेवून द्यायचा. संध्याकाळपर्यंत तो आपोआप शिजून दाट व्हायचा. धुणं यंत्रात गेलं, पण सोमवार टिकला. याच शहरात जन्मलेला जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली सहीच्या आधी ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ असं लिहायचा.

आईचा सोमवारचा उपास असतो, लग्नाआधीपासूनचा. ती शाकाहारी, मी सगळं खाणारी. त्या सकाळी आम्ही ट्रेमे भागात काँगो स्क्वेअर पाहायला गेलो होतो. गुलाम म्हणून राबवलेली आफ्रिकी माणसं रविवारी इथे जमायची, ढोल वाजवायची, नाचायची, आपण पिकवलेलं-रांधलेलं विकायची. १८१७ मध्ये शहराने त्यांच्या जमण्याला हीच एक जागा ठरवून दिली. आज तिथे फरसबंदी आणि सावली आहे, गर्दी जवळजवळ नाही. बर्बन स्ट्रीटवरची झुंबड आठवून मला खरंच राग आला. ज्या जॅझ संगीतासाठी हे लोक येतात त्याची मुळं इथल्या मातीत आहेत, आणि इथे यायला त्यांना वेळ नाही.

जेवायला जवळच्याच एका लहानशा खाणावळीत शिरलो. मेणकापड अंथरलेली टेबलं, भिंतीवर जुने कौटुंबिक फोटो. मी राजमा-भात सांगितला. वाढणाऱ्या बाईंनी आईकडे पाहिलं. “आणि तुला काय आणू, बेबी?” इथे सगळ्यांना बेबी म्हणतात, सत्तरी ओलांडलेल्या आईलासुद्धा. मी म्हटलं, तिचा आज उपास आहे, ती धान्य आणि कडधान्य खात नाही, फक्त कॉफी द्या.

बाईंनी वही खाली ठेवली. “देवासाठी?”

“हो.”

“लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या आमच्या उपासाच्या दिवसांत, मीही सोडते. मग ती खाते काय?”

मी दूध, फळं, शेंगदाणे, बटाटा, रताळं असं सांगत गेले. रताळं म्हणताच त्या आत निघून गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या ते सालीसकट भाजलेलं, मधोमध चिरलेलं, आतून केशरी असं मोठं रताळं घेऊन. वर लोण्याचा गोळा. दालचिनी-साखर मुद्दाम घातली नव्हती, चालते की नाही ठाऊक नाही म्हणून. एवढा विचार आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीतही उपासवाल्यांचा कुणी करत नाही.

आईने पर्समधून दाण्याच्या कुटाची डबी काढली. रताळ्यावर कूट, मीठ, लिंबू. पहिला घास तिने बाजूला काढला आणि बशी बाईंपुढे सरकवली. “घ्या, बघा तरी,” मराठीतच म्हणाली. बाई खुर्ची ओढून बसल्या. एक घास, मग दुसरा. मग हे कसं करतात याची चौकशी. आईने दोन्ही तळव्यांत भाजलेले दाणे चोळून फोलपटं फुंकून दाखवली, नुसत्या हवेत. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर दोघींनाही माझी गरज नव्हती.

माझा राजमा तोवर थोडा निवला होता. काही दाणे अख्खे, बाकीचे भाताला मऊ बिलगलेले, कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची त्यात पार विरघळलेली, वर धुरकट सॉसेज. त्या प्रवासात मी खाल्लेलं सर्वांत चांगलं जेवण ते. आणि मी बऱ्याच नावाजलेल्या ठिकाणी जेवले.

बिलात रताळं लावलंच नव्हतं. आईला हे पटेना. पैसे घेईनात म्हटल्यावर तिने डबी तिथेच ठेवली, पुढच्या गुरुवारचा विचार न करता. तिचा गुरुवारही असतो.

मंगळवारी आईने फ्रेंच मार्केटजवळ चिकोरीची कॉफी प्यायली, पिठीसाखरेत बुडालेला बेन्ये, म्हणजे मैद्याचा तळलेला फुगीर तुकडा, खाल्ला आणि प्रालीन. अक्रोडासारखे दिसणारे पिकन आणि साखर यांची ही वडी गुलामगिरी संपल्यानंतर कित्येक कृष्णवर्णीय बायकांनी रस्त्यावर विकून घर चालवलं. आई म्हणाली, “पाक जरा पुढे गेलाय.” तरी दोन डबे घेतले.

एक तक्रार राहिलीच. भेंडीचा गंबो, म्हणजे इथला दाट रस्सा, समोर दिसतो, वासाने जीव जातो, आणि त्यात हमखास कोंबडी, कोळंबी नाहीतर सॉसेज निघतं. शाकाहारी माणसाला घेऊन जात असाल तर प्रत्येक ठिकाणी रस्सा कशाचा आहे ते विचाराच, पालेभाजीचा दिसला तरी. आणि मुक्काम बर्बन स्ट्रीटवर करू नका. रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही.