कोर्नेलिस क्लासच्या दुकानातला उत्तर ध्रुवाचा नकाशा

1598 साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेला उत्तर ध्रुवप्रदेशाचा एक नकाशा मी पुन्हा पुन्हा उघडून पाहत असतो. त्यावर कर्ता म्हणून विलेम बारेंट्स या दर्यावर्दीचे नाव लॅटिन रूपात दिलेले आहे. पण नकाशा बाजारात आला तेव्हा बारेंट्स जिवंत नव्हता. त्याच्यामागे तो लोकांपर्यंत पोहोचवला कोर्नेलिस क्लास या प्रकाशकाने. जुन्या नकाशांविषयी लिहिताना आपण दर्यावर्दींबद्दल भरभरून बोलतो आणि प्रकाशकाचे नाव कोपऱ्यातच राहू देतो, हे मला अन्यायाचे वाटते. एका फसलेल्या मोहिमेचे फलित इतक्या निगुतीने छापणाऱ्या माणसाचा मान दर्यावर्दीच्या खालोखाल तरी असलाच पाहिजे.

ही मोहीम मुळात आशियासाठीच होती. मसाल्याचा सागरी व्यापार पोर्तुगीजांच्या हातात होता, 1580 पासून पोर्तुगालचे राज्यपद स्पेनच्या राजाकडे गेले होते आणि त्याच स्पेनशी डच लोकांचे युद्ध चालू होते. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या मार्गावर शत्रूशी गाठ पडणार हे उघड असल्यामुळे, रशियाच्या उत्तरेकडून चीनपर्यंत जाता येईल का, याचा शोध सुरू झाला. धर्मोपदेशक आणि भूगोलतज्ज्ञ पेत्रुस प्लान्सियस या कल्पनेचा मोठा पुरस्कर्ता होता; उन्हाळ्यात ध्रुवाजवळ सूर्य मावळतच नाही, तेव्हा किनाऱ्यापासून दूर खुला समुद्र सापडेल, असे त्याला वाटत होते. 1594 आणि 1595 च्या दोन्ही सफरी बर्फाने परतवल्या. त्यानंतर सरकारने स्वतः जहाजे पाठवणे थांबवून फक्त यशस्वी होणाऱ्याला बक्षीस देऊ केले, आणि 1596 मध्ये ॲमस्टरडॅम शहराने आपल्या हिमतीवर दोन जहाजे रवाना केली.

या तिसऱ्या सफरीत जूनमध्ये बेअर बेट आणि त्यापुढे स्पिट्सबर्गेन दृष्टीस पडले, जे ग्रीनलंडचाच भाग असावे अशी त्यांची समजूत झाली. पुढे दोन जहाजांची फारकत झाली आणि बारेंट्सचे जहाज रशियाच्या उत्तरेकडच्या नोव्हाया झेम्ल्या या बेटांच्या उत्तर टोकाला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावर बर्फात कायमचे अडकले. सतरा माणसांनी वाहून आलेली लाकडे आणि जहाजाच्या फळ्या वापरून घर उभारले आणि त्यात संपूर्ण हिवाळा काढला. जून 1597 मध्ये ते दोन उघड्या होड्यांतून परत निघाले. 20 जूनला बारेंट्स वाटेतच वारला. ॲमस्टरडॅमला बारा जण पोहोचले, तेव्हा नोव्हेंबर लागला होता. त्यांच्यातल्याच खेरित दे फेअर याने तिन्ही सफरींचा वृत्तांत लिहिला आणि 1598 मध्ये तो क्लासनेच प्रकाशित केला.

आता नकाशाकडे वळू. 1595 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्या काळचा नामवंत नकाशाकार मर्काटर याच्या नकाशात ध्रुवाभोवती चार मोठी बेटे आणि मधोमध एक काळा खडक होता. त्याला कोणाही खलाशाच्या साक्षीचा आधार नव्हता, तरी मर्काटरच्या नावाचे वजन प्रचंड होते. क्लासच्या नकाशात ती चार बेटे नाहीत. तिथे समुद्र आहे, त्यात जहाजे आणि देवमासे आहेत, आणि स्पिट्सबर्गेनचा फक्त पाहिलेला किनारा रेखून बाकीची रेषा मोकळी सोडलेली आहे. नोव्हाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर हिवाळा काढलेल्या घराचीही नोंद आहे. ऐकीव भूगोल त्यात अजिबात नाही असे म्हणता येणार नाही, कारण आशिया आणि अमेरिका यांच्यामधली कल्पित आनियान सामुद्रधुनी तिथेही दिसते. तरीही जिथे माणसे प्रत्यक्ष गेली होती, तिथे जुन्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या साक्षीला मान दिला गेला. मला हा नकाशा मोलाचा वाटतो तो यामुळे. मोकळी जागा रंगीबेरंगी बेटांनी भरून काढणे गिऱ्हाइकांना अधिक आवडले असते.

क्लासचे दुकान ॲमस्टरडॅमच्या बंदराकाठी, जुन्या पुलाजवळ होते आणि दुकानाची खूण म्हणून पाटीवर लिहिण्याच्या वहीचे चित्र होते. खलाशांना लागणारी पुस्तके, तक्ते आणि नकाशे हा त्याचा खास व्यवसाय होता. बारेंट्सशीही त्याचा संबंध जुना होता, कारण भूमध्य समुद्राचा बारेंट्सने केलेला नकाशासंग्रह त्यानेच 1595 मध्ये काढला होता. आपल्या दृष्टीने त्याहून जवळचा धागा गोव्याचा आहे. यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण 1583 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या नोकरीत आला, पाच वर्षे तिथे राहिला आणि पोर्तुगीजांच्या जलमार्गांची माहिती घेऊन मायदेशी परतला. उत्तरेकडच्या पहिल्या दोन सफरींत तोही सामील होता. त्याचा प्रवासग्रंथ क्लासने 1596 मध्ये छापला, त्यात गोवा शहराचा गल्लीबोळांसह मोठा नकाशा आहे, आणि तो ज्या बाप्टिस्टा फान डूटेकुमने कोरला त्यानेच दोन-तीन वर्षांनी बारेंट्सचा ध्रुवनकाशाही कोरला. मांडवीकाठची वस्ती आणि नोव्हाया झेम्ल्याचे बर्फ एकाच कारागिराच्या हातून तांब्याच्या पत्र्यावर उतरले! दक्षिणेकडची वाट डचांना आशियापर्यंत घेऊन गेली आणि उत्तरेकडची मिटली. पण क्लासने दोन्हींच्या छपाईत सारखीच निगा राखली.

कोरीवकामाचे कष्टही ध्यानात घेण्यासारखे आहेत. तांब्यावर प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक किनारा उलटा कोरावा लागे; मग खाचांत शाई भरून, वरची पुसून, ओलसर कागद रुळांच्या यंत्राखालून दाबून काढला जाई. रंग असलाच तर नंतर हाताने भरलेला असे.

क्लास 1609 मध्ये वारला. त्याच वर्षी त्याच्याकडच्या नकाशांची आणि चित्रांची छापील यादी निघाली होती, त्यामुळे त्याच्या दुकानात काय काय मिळत असे हे आजही वाचता येते. बारेंट्सच्या नकाशाची नक्कल मात्र त्याच्या हयातीतच फ्रँकफुर्टच्या दे ब्री या कोरक-प्रकाशक कुटुंबाने आपल्या प्रवासमालेसाठी कोरून घेतली होती. ती आकाराने लहान आहे आणि जुन्या नकाशांच्या बाजारात हीच नक्कल मूळ नकाशापेक्षा अधिक वेळा समोर येते. म्हणून बारेंट्सचा नकाशा म्हणून काही दाखवले गेले, तर आधी त्याचे माप घ्यावे आणि त्यावर डूटेकुमचे नाव आणि 1598 हे साल शोधावे.