तुम्ही विचारलंत म्हणून: ॲक्युफेज की एसोटेरिक?

"चांगल्यातला सीडी प्लेअर घ्यायचाय. ॲक्युफेज घेऊ की एसोटेरिक?" मैफलीच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत, कधी रात्री उशिरा फोनवर, हा प्रश्न मला येतच असतो. विचारणारा बहुधा निवृत्तीच्या आसपासचा, घरी भिंतभर सीडी असलेला आणि मनात एक नाव आधीच पक्कं करून आलेला असतो. माझ्याकडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो.

एका शब्दात सांगायचं तर ॲक्युफेज. पण हे उत्तर मी आवाजावरून देत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोन्ही कंपन्या जपानी, दोन्ही महागड्या. पण सीडी येण्याआधी कोण काय करत होतं ते बघितलं की त्यांच्या पेट्यांचं कोडं सुटतं. एसोटेरिक हे टीॲकचं अपत्य. आपल्याकडचे जुने रसिक टीॲकला ओळखतात ते स्पूलच्या टेप रेकॉर्डरमुळे. ज्या लोकांनी फिरणारी चाकं, मोटर आणि टेपचा वेग एकसारखा ठेवण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यांच्या हातात सीडी आल्यावर त्यांचं लक्ष कुठे जाणार? फिरण्याकडेच. १९८७ मध्ये एसोटेरिक हे नाव आलं आणि त्यासोबत व्हीआरडीएस नावाची यंत्रणा आली. साध्या प्लेअरमध्ये सीडी मधल्या भोकापाशी पकडलेली असते आणि बाकीची कडेपर्यंत अधांतरी फिरते. व्हीआरडीएसमध्ये सीडीच्याच मापाची धातूची थाळी वरून बसते आणि सीडीची लेबलची बाजू तिला घट्ट दाबून धरली जाते. थाळीचा पृष्ठभाग किंचित शंकूसारखा असल्यामुळे वाकलेली सीडीसुद्धा सरळ होते. लेझर खालून वाचतो. उघडून बघितलंत तर जीव सुखावेल असं काम आहे ते. अमेरिकेतल्या वाडियासारख्या कंपनीनेही आपल्या प्लेअरमध्ये टीॲकचीच ही यंत्रणा वापरली, यावरून तिचा दबदबा लक्षात यावा.

ॲक्युफेजचं मूळ निराळं. कासुगा बंधू ट्रिओमधून, म्हणजे पुढे जिला आपण केनवूड म्हणून ओळखलं त्या कंपनीतून, बाहेर पडले आणि १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांचा जीव ट्यूनर आणि ॲम्प्लिफायरमध्ये. रेडिओच्या माणसाचा खरा शत्रू म्हणजे खरखर. १९८६ मध्ये त्यांनी पहिला सीडी प्लेअर आणला तोच मुळी दोन वेगळ्या पेट्यांत: एकीत सीडी फिरणार, दुसरीत आकड्यांचा आवाज होणार (सीडीवर संगीत आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं). पुढे त्यांनी एक युक्ती पक्की केली. आकड्यांचं संगीतात रूपांतर करणारी चिप, जिला डॅक म्हणतात, ती एकच न लावता चार किंवा आठ समांतर जोडायच्या. संगीत सगळ्यांत सारखं असतं, ते बेरजेत वाढतं. खरखर मात्र प्रत्येकीची आपापली असते, ती त्या प्रमाणात वाढत नाही. चार चिपना ६ डेसिबल आणि आठांना ९ डेसिबल फायदा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप), असं साधं गणित आहे.

आता खरी मेख. सीडीवरून वाचलेले आकडे थेट आवाजात जात नाहीत. ते आधी साठवणीत येतात, चुकलेले आकडे दुरुस्त होतात आणि मग क्वार्ट्झ घड्याळाच्या ठोक्यावर एकेक करून बाहेर सोडले जातात. ओरखड्यामुळे सीडीवर आकडे कोरलेल्या बारीक खड्ड्यांच्या वाटेचे दोन-अडीच मिलिमीटर वाचता आले नाहीत तरी हरवलेले आकडे पुन्हा बांधता येतील, अशी सोय सोनी आणि फिलिप्स यांनी मूळ रचनेतच करून ठेवली आहे. म्हणजे सीडी थोडी थरथरली तर सतार थरथरत नाही. व्हीआरडीएसचं मला कौतुक आहे, पण यंत्र म्हणून. त्याच्यामुळे तंबोरा जास्त गोड लागतो असं कुणी म्हटलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

ॲक्युफेजच्या नऊ डेसिबलचंही तेच. सोळा बिटच्या, म्हणजे प्रत्येक आकडा सोळा द्विमान अंकांत लिहिणाऱ्या, सीडीची शांतता कागदावर ९६ डेसिबलच्या आसपास. आपण ऐकतो काय? आपल्या शास्त्रीय संगीताच्या संग्रहातला मोठा भाग जुन्या ॲनालॉग टेपवरून सीडीवर आलेला आहे, आणि त्या टेपची सळसळ संगीताच्या साधारण ६० ते ७० डेसिबल खाली असते. ७८ च्या तबकड्यांवरून घेतलेलं असेल तर बोलायलाच नको. केसरबाईंच्या तबकडीवरची करकर कुठलाही प्लेअर लपवणार नाही, आणि लपवूही नये.

"पण काका, दुकानात लावून दाखवलं तेव्हा फरक स्पष्ट कळला!" हेही हमखास ऐकायला मिळतं. कळला असणारच. सीडी प्लेअरमधून जास्तीत जास्त २ व्होल्ट बाहेर यावेत असा सर्वसाधारण दंडक आहे. ॲक्युफेजचे प्लेअर २.५ व्होल्ट देतात. हा फरक जवळजवळ २ डेसिबलचा झाला. इतक्याशा वाढीला कान 'आवाज मोठा झाला' म्हणत नाही. तो म्हणतो 'भरदार झाला', 'तबल्याला वजन आलं', 'गायिका जवळ आली'. म्हणून तुलना करायचीच असेल तर आधी १ किलोहर्ट्झचा सूर असलेली चाचणीची सीडी लावा, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर धरा आणि दोन्ही प्लेअरना ॲम्प्लिफायरचा आवाज असा ठेवा की आकडा एक टक्क्याच्या आत जुळेल. मग एखाद्याला पडद्यामागे बसवून अदलाबदल करायला सांगा. हा खेळ मी हौशी मित्रांसोबत खेळलो आहे. मोठमोठी विशेषणं पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतात. उरतो तो फरक असतो, नसतोच असं मी म्हणत नाही, पण तो स्पीकर वीतभर सरकवल्यावर पडणाऱ्या फरकापेक्षा लहान असतो.

कागदावरचे आकडे आणि कान यांची ही रस्सीखेच पहिल्या दिवसापासूनची आहे. १९८२ च्या ऑक्टोबरात सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर जपानात आला तेव्हा त्यात पूर्ण सोळा बिटांचा डॅक होता. फिलिप्सची पंचाईत झाली होती. त्यांनी चौदा बिट धरून डॅक तयार केला होता आणि सोनीच्या आग्रहामुळे सीडी सोळा बिटांची ठरली. फिलिप्सच्या इंजिनिअरांनी मग त्या चौदा बिटांच्या चिपला चौपट वेगाने, सेकंदाला १,७६,४०० वेळा, पळवलं आणि तिची खरखर कानाला ऐकू न येणाऱ्या टापूत ढकलून दिली. चौदात सोळाचं काम झालं. वर फायदा असा की शेवटची गाळणी, म्हणजे फिल्टर, सौम्य ठेवता आली. सोनीला मात्र २० किलोहर्ट्झनंतर कड्यासारखी कापणारी गाळणी लावावी लागली, शिवाय त्यांनी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच डॅक वापरला होता. त्यामुळे एक बाजू सेकंदाच्या सुमारे अकरा दशलक्षांशाने मागे राही. हे ऐकून हळहळू नका. एक स्पीकर चार मिलिमीटर मागे सरकवला तर तेवढंच होतं. फिलिप्सचाच प्लेअर मरांट्झच्या मुखवट्यात सीडी-६३ म्हणून विकला गेला आणि तेव्हाही दोन्हींच्या आवाजाची तुलना करणारे रसिक निघालेच असणार!

ब्रिटिश मंडळींचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दलही विचारलं जातं. सॉल्झबरीची नेम कंपनी सीडीला बरीच वर्षं नाक मुरडत होती. १९९१ मध्ये त्यांनी पहिला प्लेअर काढला तोही वीजपुरवठ्याची पेटी वेगळी ठेवून, कारण नेमचा पिंडच ॲम्प्लिफायरचा आणि त्यांची सगळी श्रद्धा पॉवर सप्लायवर. आतला डॅक अर्थात फिलिप्सचाच. ग्लासगोच्या लिनचं नाव झालं ते तबकडीच्या टर्नटेबलमुळे, तासकाम त्यांच्या रक्तात; त्यांनी सीडी-१२ची पेटी अखंड ॲल्युमिनियममधून कोरून काढली. २००९ मध्ये त्यांनी सीडी प्लेअर बनवणंच थांबवलं.

माझं उत्तर ठरतं ते इथे. पंधरा वर्षांनी तुमच्या प्लेअरचा लेझर थकेल. डॅक थकत नाही, सोनेरी दर्शनी पट्टी थकत नाही, थकतो लेझर आणि त्याला हलवणारी यंत्रणा. अनेक महागड्या कंपन्या वर्षानुवर्षं फिलिप्सच्या सीडी-प्रो-टू यंत्रणेवर विसंबून होत्या. फिलिप्सने ती बंद केली आणि लाखांच्या पेट्या सुट्या भागांसाठी जगभर हिंडायला लागल्या. ॲक्युफेज आणि एसोटेरिक दोघंही या बाबतीत पुष्कळ बरे. त्यातही जुनी यंत्रं दुरुस्त करून देत राहण्याबद्दल ॲक्युफेजची ख्याती मोठी आहे, आणि माझं पारडं तेवढ्याने झुकतं.

जपानातून जुना प्लेअर मागवणार असाल तर मागचा पट्टा आधी बघा. तिथल्या घरगुती बाजाराची यंत्रं १०० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टमध्ये थेट लावलीत तर पहिल्याच संध्याकाळी खेळ खलास. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर चालतो, पण चांगल्या क्षमतेचा घ्या आणि त्याची गुणगुण बैठकीच्या खोलीत ऐकू येते का तेही तपासा. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर दमट हवेत लेझरच्या भिंगावर थर बसतो, म्हणून यंत्र आठवड्यातून एकदा तरी चालू करत जा.

आणि इथेच कुणाकडे घ्यायला जाणार असाल तर घरातली सगळ्यात लांब सीडी, सत्तर मिनिटांच्या वरची, बरोबर न्या. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि बाहेरच्या कडेलाच ती सगळ्यात जास्त डुलते. विकणारा पहिला ट्रॅक लावून दाखवेल. तुम्ही शेवटचा लावायला सांगा आणि तो पूर्ण होईपर्यंत भाव बोलू नका.