पोपो वेगळी का राहते

आई या वेळी सहा महिन्यांच्या मुक्कामाला आली आणि चौथ्याच दिवशी म्हणाली, अगं ती शेजारची चिनी आजी दिसत नाही कुठे, मागच्या खेपेला रोज कुंड्यांना पाणी घालायची ती? म्हटलं ती आता इथे नसते, चायनाटाऊनमध्ये म्हाताऱ्या माणसांची बिल्डिंग आहे तिकडे राहते. आईचा चेहराच पडला. "म्हणजे पोरांनी टाकली होय." म्हटलं नाही गं, ती स्वतःहून गेली. "असंच सांगतात सगळे." विषय संपला. आईचे विषय असेच संपतात, नंतर तासभर भांडी जरा जोरात आपटली जातात एवढंच.

तर ही आजी म्हणजे पोपो. कँटनीजमध्ये पोपो म्हणजे आईची आई, आणि वडिलांच्या आईला काय म्हणतात माहितीये, मामा! हे मला शेजारच्या नातीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पाच मिनिटं हसत होते आणि तिला कारण समजावता समजावता माझीच वाट लागली. नात तिला पोपो म्हणते म्हणून आमची अख्खी गल्ली पोपो म्हणते, खरं नाव बहुतेकांना माहीतच नाही. आईने पहिल्याच दिवशी तिची पोपोबाई केली होती.

आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात राहतो. नाव सनसेट पण सूर्य दिसायची मारामार, समुद्राकडून धुकं येतं आणि भर जुलैत स्वेटर घालून बसावं लागतं. घरं एकाला एक चिकटून, खाली गॅरेज, आणि बऱ्याच घरांत गॅरेजच्या मागे एक छोटी खोली काढलेली असते तिला इथे सरळ 'इन-लॉ'च म्हणतात, म्हणजे सासू-सासरे ठेवायची खोली. पोपो मुलीच्या घरात अशाच खोलीत राहायची. १९८२ ला आली ती, मूळ तोइसानची. हा दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला तालुका, आणि अमेरिकेत सुरुवातीच्या काळात आलेल्या चिन्यांपैकी खूपच मोठा हिस्सा या आणि आजूबाजूच्या दोन-चार तालुक्यांतला, आपल्याकडे कसं एका गावातून एक मुंबईला गेला की मागोमाग अख्खी वाडी जाते तसं. आल्यावर चायनाटाऊनमधल्या शिलाई कारखान्यात वीस-बावीस वर्षं मशीन चालवली, मग नातवंडं सांभाळली, नातवंडं मोठी झाली, नवरा गेला. नंतर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात ती एकटी. नात सांगते, पोपो एकदा जेवताना म्हणाली की आज दिवसभरात मी एक शब्द बोलले नाहीये, आणि टेबलावर कोणालाच काही सुचलं नाही.

गंमत म्हणजे तिने सीनियर बिल्डिंगच्या यादीत नाव घालून ठेवलंय हे मुलीला माहीतच नव्हतं. फॉर्म दुसऱ्या एका म्हातारीने भरून दिला होता. या बिल्डिंगा सरकारी मदतीवर चालतात, वय बासष्टच्या पुढे लागतं, उत्पन्न कमी लागतं आणि भाडं साधारण उत्पन्नाच्या तीस टक्के. म्हणजे पेन्शन कमी तर भाडं कमी. त्यामुळे रांग भयंकर, वर्षानुवर्षं नंबर लागत नाही, कधी लॉटरी काढतात. पोपोचा नंबर सहा वर्षांनी लागला. पत्र आलं तेव्हा घरात रडारड झाली, मुलगी म्हणे आमचं काय चुकलं, लोक काय म्हणतील (हो, त्यांच्याकडेही लोक असतात आणि तेही काय म्हणतीलच). आणि पोपो शांतपणे पिशवी भरत होती.

शेवटी एका शनिवारी मी आईला म्हटलं चल, तूच बघ. नात होतीच बरोबर दुभाषी म्हणून. ट्रेनने डाऊनटाऊन आणि तिथून ३० नंबरची बस, जी स्टॉकटन स्ट्रीटवरून जाते. ही बस म्हणजे आपली दादरची भाजी गल्ली चाकांवर घातलीये, दर स्टॉपला गुलाबी प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या चढतात, पिशवीतून पालेभाजी बाहेर, कुणाच्या पिशवीत मासा, आणि कोपराने रस्ता काढत बसायची जागा पकडतात. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुशीत दिसली. म्हणे, इथे जरा माणसं आहेत.

पोपोची खोली आमच्या डोंबिवलीच्या हॉलपेक्षा थोडी लहानच. एक पलंग, भिंतीला लागून छोटं किचन, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि पडलो-बिडलो तर ओढायची दोरी. ती दोरी पोपोने गुंडाळून वर बांधून ठेवलीये, कारण एकदा टॉवेल काढताना ओढली गेली आणि चार माणसं धावत आली, तेव्हा लाज वाटली म्हणे. मी म्हटलं पोपो असं नका करू, तर नातीने भाषांतर केलं आणि पोपोने ऐकू न आल्यासारखं केलं, हे सगळ्या देशांत सारखंच आहे.

पण आईचं लक्ष खिडकीकडे. खिडकीत वर्तमानपत्रावर संत्र्याच्या साली वाळत घातलेल्या. तोइसानच्या बाजूच्याच तालुक्यातल्या वाळवलेल्या साली नामांकित आहेत, वर्षानुवर्षं ठेवतात, जितकी जुनी तितकी किंमत, सूपात टाकतात, खोकल्यावर देतात. आई लगेच खाली वाकून वास घेऊन, अय्या वाळवण! मग दोघींचं जे सुरू झालं त्यात दुभाषीचं काही काम उरलं नाही, आई मराठीत सांगतेय की साल आतून पांढरी राहता कामा नये, पोपो तोइसानीत काहीतरी वेगळंच सांगतेय, आणि दोघी माना डोलावतायत. मॅनेजरने खिडकीत काही वाळत घालू नका अशी नोटीस लावलीये लिफ्टमध्ये, तीन भाषांत. कुणी ऐकत नाही.

खाली हॉलमध्ये जेवण होतं. भाताची जूक. म्हणजे पेज. अगदी पेजच, तांदूळ फुटेपर्यंत शिजवलेला, वर थोडं आलं, कांद्याची पात आणि मासा. आईचं माहेर मालवणकडचं, तिने एक चमचा घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ही गोष्ट इतकी वर्षं लपवून ठेवली होती. एका टेबलावर माजोंग, १४४ सोंगट्या आणि तो खडखडाट, आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर होतो त्याच्या चौपट. दुसऱ्या टेबलावर दोन बायका भांडत होत्या. नातीला विचारलं काय झालं, तर वॉशिंग मशीनचा नंबर. एकीने कपडे अर्धा तास आत तसेच ठेवले म्हणून दुसरीने बाहेर काढून वर ठेवले. आईला इतका आनंद झाला हे ऐकून. "म्हणजे नळावरचीच भांडणं गं!"

हे लिहिताना एक सांगायला हवं की हे असं गुण्यागोविंदाने नेहमीच नव्हतं. बाहेर आलो तर जवळच पोर्ट्समथ स्क्वेअर, चायनाटाऊनची बैठकीची खोली म्हणतात त्याला, आणि का म्हणतात ते बघितल्यावर कळतं. पुठ्ठे टाकून म्हातारे पत्ते खेळतायत, चिनी बुद्धिबळ खेळतायत, एक खेळतो आणि आठजण सल्ले देतात. यातले कितीतरी जण आजूबाजूच्या जुन्या इमारतींत आठ बाय दहा फुटांच्या खोलीत राहतात, संडास-बाथरूम मजल्यावर एक, स्वयंपाकघर सगळ्यांत एक, लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नाही. त्या खोल्या एकट्या पुरुषांसाठी होत्या. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घातली ती १९४३ पर्यंत, बायका आणायची सोय जवळजवळ नाही, आणि कॅलिफोर्नियात गोऱ्या बाईशी लग्न करायलाही १९४८ पर्यंत कायद्याची मनाई. मग हे पुरुष काय करणार, पैसे गावी पाठवत राहिले आणि त्या खोल्यांतच म्हातारे झाले. एकाच गावचे किंवा एकाच आडनावाचे लोक मिळून खोली घ्यायचे, ज्याची नोकरी सुटली तो तिथे येऊन पडायचा. मला हे वाचताना धोबीतलावच्या गोयंकारांचे कूड आठवले, गावागणिक एक, बोटीवरून आलेला खलाशी तिथे ट्रंक ठेवणार. आणि आमचे आजोबा लालबागला ज्या खोलीत राहिले तिथे गावचे चौदाजण होते, पाळीपाळीने झोपायचे. फक्त आजोबांना गणपतीला गावी जाता यायचं. या लोकांचं काय, तर मेल्यावर काही वर्षांनी संघटना हाडं उकरून, नीट बांधून, हाँगकाँगमार्गे गावी पाठवायच्या. हे मी आईला तिथे बाकावर बसल्या बसल्या सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती.

आणि त्या खोल्यासुद्धा सुखाने मिळू दिल्या नाहीत. तिथून जवळच कर्नी स्ट्रीटवर इंटरनॅशनल हॉटेल होतं, म्हातारे फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू. मालकांना जागा रिकामी हवी होती, भाडेकरूंनी नऊ-दहा वर्षं झुंज दिली, आणि ४ ऑगस्ट १९७७ ला पहाटे पोलीस आले. बाहेर हजारो लोक हातात हात घालून उभे होते तरी म्हाताऱ्यांना एकेक करून बाहेर काढलं. पुढे इमारत पाडली आणि मग तो प्लॉट वीस वर्षांच्या वर नुसता खड्डा! २००५ मध्ये तिथे परत इमारत उभी राहिली, त्याच नावाची, म्हाताऱ्यांसाठी १०४ घरं. गिरणीच्या जमिनींचं काय झालं ते बघितलेल्या माणसाला यात खड्ड्याचं नवल वाटत नाही, घरं परत झाली याचं वाटतं.

पोपोच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा आहेत नव्वदीचे, त्यांना रोज सकाळी व्हॅन न्यायला येते. ही ऑन लोकची व्हॅन. ऑन लोक म्हणजे शांत, सुखाचं घर असा काहीसा अर्थ. १९७१ ला ही संस्था निघाली आणि तिची गोष्ट मला फार आवडते. या भागात म्हाताऱ्यांसाठी नर्सिंग होम (आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, इथे म्हाताऱ्यांना कायमचं ठेवून सांभाळायची जागा) हवं म्हणून मारी-लुईझ आन्साक नावाच्या मूळ स्विस समाजसेविकेला अभ्यास करायला लावलं, आणि तिच्या लक्षात आलं की नर्सिंग होम परवडणारही नाही आणि या लोकांना नकोही आहे. चायनाटाऊन सोडून कुठेतरी लांब, जिथे नर्सला आपली भाषा येत नाही आणि जेवायला चीज सँडविच, तिकडे कोण जाणार? मग उलटं केलं. १९७३ ला दिवसाचं केंद्र काढलं, सकाळी न्यायचं, डॉक्टर, व्यायाम, आंघोळ, जेवण, औषधं सगळं एका छताखाली, संध्याकाळी घरी सोडायचं. झोपायला आपलाच पलंग. हे इतकं जमलं की १९९७ ला अमेरिकन सरकारने कायद्यात घेतलं, आता देशभर 'पेस' नावाने चालतं, वय पंचावन्नच्या पुढे आणि नर्सिंग होममध्ये ठेवावं लागेल इतकी तब्येत नाजूक असलेल्यांसाठी. आणि सगळ्यात भारी गोष्ट, पेशंटबद्दल ठरवणाऱ्या टीममध्ये डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ यांच्यासोबत व्हॅनचा ड्रायव्हर असावाच लागतो, नियमच आहे तसा. बरोबरच आहे ना, आजोबा आज जिना उतरताना दोनदा थांबले हे डॉक्टरला कुठून कळणार, ड्रायव्हरलाच कळणार.

असंच टोरांटोला, स्कारबरोमध्ये यी हाँग म्हणून म्हाताऱ्यांचं केंद्र आहे १९९४ पासून, मूळ चिनी लोकांनी चिनी म्हाताऱ्यांसाठी काढलेलं, आता त्यांच्या एका केंद्रात आपल्याकडच्या म्हणजे दक्षिण आशियाई लोकांचीही सोय आहे. आपल्या लोकांनी काही केलंच नाही असं नाही, फ्लोरिडात टवारेसला शांतिनिकेतन नावाची भारतीय म्हाताऱ्यांची वसाहत आहे, पण ती घर विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी. शिलाई मशीन चालवलेल्या बाईला तिथे कोण घेणार. आमच्या इथल्या मंडळात हा विषय दर दिवाळीला निघतो, फराळ संपेपर्यंत टिकतो. आपण सगळे आई-बाबांना सांगतो आमच्याकडे या, मोठं घर आहे, मागे अंगण आहे. ते येतात आणि मग त्या मोठ्या घरात दुपारी तीन वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डोंबिवलीत पाणी आलं का ते बघत बसतात. मी पण तेच केलं, दुसऱ्याला काय बोलू. गेल्या खेपेला आईने माझ्या सगळ्या बरण्या दोनदा घासल्या, मला वाटलं तिला स्वच्छतेची हौस.

परत येताना बसमध्ये आईने विचारलं, मुलगी भेटायला येते का तिला? नात म्हणाली दर रविवारी सगळे डिमसम खायला जातो, आणि आता पोपो आमच्यावर पूर्वीपेक्षा कमी चिडते. आई हं म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि रात्री काही झालं तर?" नात म्हणाली दोरी आहे. मी आणि आई एकमेकींकडे बघितलं, गुंडाळलेली दोरी दोघींनाही आठवली. त्याचं उत्तर नातीकडेही नव्हतं.

काल सकाळी आईचा तिच्या भजनी मंडळातल्या मावशींशी फोन चालला होता, स्पीकर बंद म्हणून मला एकच बाजू ऐकू येत होती. पेजेचं झालं, सालींचं झालं, वॉशिंग मशीनचं भांडण तर पूर्ण साभिनय. मग आवाज जरा चढला. "नाही गं, पोरांनी नाही टाकलेली. स्वतःहून गेलीये ती. अगं मी स्वतः जाऊन आले ना." पलीकडून काहीतरी उत्तर आलं, काय आलं असेल ते मला ऐकू न येताही कळलं. आईने बरं ठेवते म्हणून फोन ठेवला आणि सिंककडे गेली, आणि मग तासभर भांडी.