आमची वाटचाल : अर्जातला सातवा प्रश्न

आमच्याबरोबर डोंगरातल्या मोहिमेला यायचं तर एक अर्ज भरावा लागतो. वय, रक्तगट, चालू औषधं, गुडघ्यांची तक्रार हे सगळं त्यात आलंच. सातवा प्रश्न मात्र वेगळा आहे : लहानपणी तुम्हाला कोणासारखं व्हायचं होतं? पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं बाकीचा अर्ज दहा मिनिटांत भरतात आणि इथे येऊन थबकतात. काहीजण तर वेगळा कागद जोडतात.

अकरा वर्षांपूर्वी मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी मिळून हे काम सुरू केलं. पन्नाशीपुढच्या लोकांना डोंगरात न्यायचं, एवढंच ठरलं होतं. तेव्हा हा प्रश्न अर्जात नव्हता. तो आला आमच्या एका चुकीतून.

दुसऱ्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ आले. शाळेत असताना त्यांनी एव्हरेस्टवीरांची छायाचित्रं कापून वही भरली होती. एव्हरेस्ट पहिल्यांदा सर झालं ती २९ मे १९५३ ही तारीख ते घरातल्या कार्यासारखी सांगत. त्यांचा उत्साह पाहून आम्हीही भारावलो आणि घाई केली. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम आम्हाला तोंडपाठ होता. तरी विश्रांतीचा दिवस आम्ही वगळला. चौथ्या रात्री त्यांचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. अंधारातच त्यांना खाली आणलं. उतरल्यावर त्यांना बरं वाटलं, पण परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. साठ वर्षं जपलेली गोष्ट आम्ही चार दिवसांत मोडली होती. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

पुढच्या वर्षी मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली आणि ती वही पाहायला मागितली. शिखरावरच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘यात तेनसिंग दिसतात. हिलरी कॅमेऱ्यामागे आहेत, शिखरावरचा त्यांचा एकही फोटो नाही. लहानपणी मला तो न दिसणारा माणूस व्हायचं होतं.’’

आम्ही त्यांना शिखराकडे ओढत होतो आणि त्यांना हवं होतं सोबतीचं काम. त्यानंतर सहा वर्षं आमच्या प्रत्येक तुकडीत सगळ्यांत शेवटी तेच चालत. मागे पडलेल्याच्या पावलाला पाऊल मिळवत, त्याला जराही घाई न करता. त्यांच्याइतका चांगला शेवटचा माणूस आम्हाला पुन्हा मिळालेला नाही.

लहानपणीच्या आदर्शाचा रस्ता जसाच्या तसा चालायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं आणि सातवा प्रश्न अर्जात आला. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसेन याचं उदाहरण मी नव्या लोकांना नेहमी सांगते. पंधराव्या वर्षी त्याने इंग्रज दर्यावर्दी जॉन फ्रँकलिनचं लेखन वाचलं आणि ध्रुवप्रदेश त्याच्या डोक्यात बसला. फ्रँकलिन १८४५ मध्ये वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेच्या बर्फातून अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारी समुद्रवाट, शोधायला दोन मोठी जहाजं आणि सव्वाशेहून अधिक माणसं घेऊन गेला, त्यातलं कोणीच परतलं नाही. अमुंडसेनने १९०३ मध्ये तोच मार्ग धरला, पण एक छोटं जहाज आणि अवघे सहा सोबती घेऊन. वाटेत दोन हिवाळे मुक्काम करून तिथल्या नेत्सिलिक या इनुइट लोकांकडून कातड्याचे कपडे आणि कुत्र्यांची गाडी शिकला. १९०६ मध्ये तो पार झाला. स्वप्न फ्रँकलिनचं होतं, पद्धत त्याची स्वतःची.

आमचं कामही तेच, पद्धत बसवून देण्याचं. साठीत स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडांशी जोडणारे स्नायुबंध मागे राहतात, म्हणून आम्ही आधी बारा आठवडे सराव घेतो. पाठीवर वजन घेऊन जिने, आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त, कारण गुडघे उतारावरच दुखावतात. दोन्ही हातांत काठ्या घेतल्याशिवाय कोणालाही उतरू देत नाही, मग तो कितीही हट्ट करो.

गेल्या वर्षीच्या एका बाईंनी सातव्या प्रश्नाला जुन्को ताबेई असं उत्तर लिहिलं. १९७५ मध्ये एव्हरेस्ट चढणारी पहिली स्त्री. पण बाईंना भावली होती दहा वर्षांची जुन्को. शिक्षकांबरोबर पहिल्यांदा डोंगर चढताना तिला कळलं, की इथे शर्यत नाही, आपल्या चालीने गेलं तरी पोचता येतं. बाई शाळेत पळण्यात कायम शेवटच्या यायच्या.

त्यांची बोटं सांधेदुखीने वाकलेली. आठाची गाठ, म्हणजे गिर्यारोहणातली आठाच्या आकड्यासारखी दिसणारी दोराची गाठ, त्यांना जमेना. दोराचा पीळ घट्ट, आणि शेवटचा फास ओढायला चिमटीत जोर नाही. माझ्या भागीदारीणीने जाड दोर बाजूला ठेवून मऊ दोर दिला, आणि गाठ हातांत न धरता मांडीवर ठेवून बांधायला शिकवलं. तीन बुधवार गेले. चौथ्या बुधवारी गाठीचे दोन्ही पदर अगदी शेजारी-शेजारी, कुठेही एकमेकांवर न चढता बसले. बाईंनी ती सोडली नाही. दोराचा तो तुकडा तसाच घरी नेला.

या हंगामाचे अर्ज कालपासून यायला लागलेत. सर्वांत वरच्या अर्जात सातव्या प्रश्नापुढे लिहिलंय : ‘माझी मोठी बहीण. ती झाडावर चढायची, मी खाली उभी राहून बघायचे.’ वय एकाहत्तर. त्यांना आज संध्याकाळी फोन करणार आहे.